पाऱ्याचा स्वार

एकदा एका शिष्येला धावत्या घोड्यांच्या टापांत काहीतरी चुकल्यासारखे वाटले. घोडे सात होते. माळाच्या टोकाचे काटेरी कुंपण ओलांडून सातही परत फिरले होते, एवढे तिला धुक्यातूनही नीट कळत होते. पण त्यांतल्या एकाच्या टापा हलक्या झाल्या होत्या. भरल्या घागरीने गेलेले कोणी रिकाम्या घागरीने परतावे, तसा तो आवाज होता.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. परंतु ती मुळातच भित्री. वाळके पान घरंगळले तरी दचकायची. भीती इतक्या वेळा खोटी निघाली होती की, तिच्यावर विश्वास ठेवण्याचेच तिने सोडून दिले होते.

शेजारी एक मिठाचा व्यापारी उभा होता. तो हसला. "काय ताई, दचकलात पुन्हा? आज ससा दिसला की सावली?"

"काही नाही हो," ती ओशाळून म्हणाली.

इतक्यात त्या हलक्या टापा बाकीच्यांना मागे टाकून पुढे येऊ लागल्या. तिने कान टवकारले, आणि तिला ओळख पटली. हा तर पारा! तिने पैज लावलेला घोडा! भीती कुठल्या कुठे पळाली.

त्या उंच माळावर हिवाळ्यात घोड्यांच्या शर्यती भरत. साध्या धावण्याच्या नव्हेत. वाटेतली कुंपणे आणि चर उडी मारून ओलांडायचे असत. ही मुलगी पाठशाळेतले शिक्षण संपवून एका वृद्ध अश्वविद्या-जाणकाराकडे शिकायला आली होती. पावलांच्या आवाजावरून घोडा ओळखायला त्यांनीच तिला शिकवले, आणि ती विद्या अंगी मुरता मुरता तिला शर्यतींचा नादही लागला. पाऱ्याची आई कोण, तो उडीच्या आधी मान कशी ताणतो, ओल्या मातीला कसा बुजतो, गूळ कोणाच्या हातून खातो, सारे तिला तोंडपाठ होते.

गुरुजी मात्र कधीच पैज लावत नसत. शर्यतीआधी ते सुरुवातीच्या दोरीपाशी जात आणि प्रत्येक स्वाराला विचारत, "बाळा, नाव काय तुझं?"

"आजोबा, मागच्या खेपेला सांगितलं की!" स्वार हसत.

"पुन्हा सांग."

मग ते नाव ते हलकेच पुटपुटत. व्यापारी एकदा म्हणालाही होता, "गुरुजी, लोक पैसे लावतात घोड्यावर आणि तुम्ही विचारता स्वाराचं नाव. सोयरीक एका घरी, वरात दुसऱ्याच दारी!" सगळे खो खो हसले होते. शिष्येलाही हसू आले होते. गुरुजी एवढेच म्हणाले होते, "असू दे. उपयोगी पडतं."

धुके फाडून पारा बाहेर आला आणि सर्वांआधी त्याने शेवटची दोरी ओलांडली. तिने टाळ्या पिटल्या. आणि मग तिचे हात हवेतच थांबले.

खोगीर रिकामे होते. पाय अडकवायच्या दोन्ही बाजूंच्या रिकिबी लोंबत होत्या आणि घोड्याच्या बरगड्यांवर आपटत होत्या. पारा थांबलाच नाही. वळून पुन्हा धुक्यात शिरला.

गर्दीत गलका उडाला. "रिकाम्या घोड्याची जीत धरायची नाही!" "का नाही? पैज घोड्यावर होती, माणसावर नव्हे!" कोणीतरी विचारले, "अरे, पण स्वार कुठाय?" त्यावर उत्तर आले, "येईल चालत. पडणं काय नवीन आहे का त्यांना?" शेवटी असे ठरले, की शर्यत पुन्हा पळवावी, लगेच. सहा स्वारांनी आपले घोडे दोरीकडे वळवले. पंचाने शर्यत सुटण्याच्या घंटेची दोरी खेचली.

घंटा वाजलीच नाही. नुसता थप्प असा आवाज झाला.

गुरुजींनी घंटेत हात घालून तिचा लोलक मुठीत धरला होता.

"अहो, हात काढा! हे काय पोरकटपण?" व्यापारी खेकसला.

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. ते शिष्येला म्हणाले, "तुला काय ऐकू आलं होतं?"

"एक घोडा... हलका झाला होता. कुंपणापलीकडे उतरताना."

बोलता बोलताच तिला कळले. घंटा वाजली असती तर सहा घोडे त्याच कुंपणावरून उडी मारणार होते, आणि उतरणार होते नेमके त्याच जागी.

"मी आणते त्याला," ती म्हणाली आणि निघाली.

"कोणाला?"

"पाऱ्याच्या स्वाराला."

"त्याचं नाव काय?"

ती उभीच राहिली. पाऱ्याच्या आईचे नाव तिला ठाऊक होते. त्याच्या पाठीवर हिवाळाभर बसलेल्या माणसाचे नव्हते.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "मुली, पडलेल्याला सगळं ऐकू येत असतं. लोक ओरडतात, जयजयकार करतात. पण तो घोड्याच्या नावाचा असतो. शुद्ध हरपू लागली की माणूस बाकी कशालाच ओ देत नाही, फक्त स्वतःच्या नावाला देतो. म्हणून ते कोणाला तरी ठाऊक असावं लागतं. तुझी भीती आज खरं सांगत होती. ती तू भित्री म्हणून नाही टाकलीस, जिंकत होतीस म्हणून टाकलीस." मग त्यांचा स्वर मऊ झाला. "हैबती. हैबती नाव आहे त्याचं. जा. मी घंटा धरून आहे."

ती धुक्यात धावली. पाच-पन्नास पावलांत मागची गर्दी नाहीशी झाली, गलकाही विरला. "हैबती!" तिने हाक मारली. आवाज तोंडासमोरच विझला.

कुठूनतरी टापा आल्या. हलक्या, रिकाम्या. तिच्या भोवती फिरल्या आणि थांबल्या. पांढऱ्या धुक्यात पाऱ्याचे काळे तोंड अचानक तिच्या खांद्याशी आले. ती किंचाळलीच. पण घोडा तिच्याकडे पाहत नव्हता. तो थरथरत उभा होता.

"हैबती!"

पाऱ्याचे दोन्ही कान एकदम डावीकडे वळले.

ती डावीकडे चालू लागली. घोडा मागून येत होता. रिकिबींचा आवाज तेवढा सोबतीला होता. काटेरी कुंपण एकाएकी समोर उभे राहिले. पलीकडे चर होता, चरात पाणी होते. पाण्याचा आवाज येत होता आणि दुसरा कसलाच नाही. मागे वळून पळून जावे, असे तिला फार वाटले. तिने काटे दोन्ही हातांनी दूर केले.

"हैबती," ती या वेळी ओरडली नाही. घरातल्या माणसाला उठवावे, तशी म्हणाली. "हैबती, मी नाव घेतेय तुझं. ऐकतोयस ना?"

पाणी वाहत राहिले. पारा श्वास रोखून उभा होता.

मग कुंपणाच्या मुळाशी, अगदी जमिनीलगत, कोणीतरी क्षीण आवाजात ओ दिली.