तीनशे नकारांची एक फाइल

डोंगराखालच्या एका गावात तुळशा नावाचा भोळा गडी ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर सांभाळायचा. सांगितलेलं करायचं आणि विचार करायचा नाही, एवढी लायकी सरकारी कामाला पुरते. ती त्याच्याकडे भरपूर होती.

गावच्या डोंगरावर खडीक्रशर येणार होता. डोंगर गेला की त्याच्या पोटातला झराही जाणार. म्हणून सरपंच अनसूयाबाईंनी ग्रामसभा भरवली. तीनशे माणसं एकेक करून उभी राहिली आणि म्हणाली, "क्रशर नको." कंत्राटदाराच्या मटणाला जागून तिघे म्हणाले, "होऊ द्या." सगळ्याचं शूटिंग झालं. ते पेन ड्राइव्हमध्ये घालून सुनावणीला न्यायचं होतं. गावाकडे दुसरा पुरावा नव्हता.

पेन ड्राइव्ह जवळजवळ रिकामा होता, तरी शूटिंग आत जाईना. तुळशा बाजारपेठेतल्या रियाजभाईच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेला.

"अरे, हा जुन्या पद्धतीचा ड्राइव्ह आहे," रियाजभाई म्हणाला. "कितीही रिकामा असला तरी चार जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. मोठी असेल ती तोडायची."

तुळशाने मान डोलावली. शिकवण डोक्यात पक्की बसवली.

त्याने शूटिंगचे दोन तुकडे केले. ते बरोबर झालं. पण गावाचा अर्जही त्याला मोठा वाटला. त्याने तो तोडला. अक्षर न् अक्षर सुटं केलं. प्रत्येक अक्षराची वेगळी फाइल. एवढासा अर्ज, पण ड्राइव्हमध्ये जागा उरली नाही.

"अरे बाबा," रियाजभाई म्हणाला, "ड्राइव्हमध्ये सारख्या मापाचे डबे असतात. डब्यात एकच शेंगदाणा ठेवला तरी फळीवर अख्खा डबा बसतो. तुझं एकेक अक्षर एकेक डबा अडवून बसलंय. बारीकसारीक असेल ते एकत्र करायचं."

तुळशाने मान डोलावली. शिकवण डोक्यात पक्की बसवली.

त्याने अर्ज जोडला. मग शूटिंगचे दोन तुकडे पाहिले. अख्ख्या शूटिंगपेक्षा ते बारीकच होते. त्याने तेही जोडले. ड्राइव्ह पुन्हा घेईना.

"मेल्या, उद्या सुनावणी आहे!" अनसूयाबाई ओरडल्या. "झरा आटला तर तुझ्या दारात हंडे घेऊन बसेन मी."

"काळजी नको, मावशी. आलोच विचारून."

रियाजभाईने ड्राइव्ह उघडून पाहिला. कुणाच्या तरी बारशाचा एकच फोटो त्यात ढिगाने पडला होता. तो वैतागला. "तेच तेच कशाला ठेवतोस? एक ठेव, बाकीचं पूस. आणि आता घरी जा."

तुळशाने मान डोलावली. शिकवण डोक्यात पक्की बसवली. त्याने शूटिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत मन लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत ड्राइव्ह चटकन चालला. पडद्यावर एक म्हातारा उठला. "क्रशर नको." मग एक पैलवान उठला. "होऊ द्या." शूटिंग संपलं.

"बाकीची माणसं कुठायत रे?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"मावशी, सगळी तेच तेच बोलत होती. एक ठेवला, बाकीचे पुसले. 'होऊ द्या'वालाही एकच ठेवलाय हं. पक्षपात केला नाही."

"आणि कॉम्प्युटरमधलं मूळ शूटिंग?"

"त्यातही तेच होतं. तेही पुसलं."

अनसूयाबाई मटकन खाली बसल्या. सुनावणी घेणाऱ्या साहेबांचा चेहरा मात्र खुलला. गाव भरून माणसं समोर बसली होती, पण साहेबांना फक्त पडद्यावरची दिसत होती. "एक विरोधात, एक बाजूने," ते म्हणाले. "समसमान. मग निर्णय माझ्या मताने. माझं मत, होऊ द्या."

तुळशा ताडकन उठला. "साहेब, 'होऊ द्या' एकदा आलंय. तुमचं पुसावं लागेल."

सभागृह हसलं. साहेब हसले नाहीत. क्रशर मंजूर झाला, आणि सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल तुळशावर गुन्हा लिहायला हवालदार पुढे आला.

"नाव सांग. आणि तुझ्याबरोबर विरोधात अजून कोण कोण?"

"माझं एकट्याचंच लिहा, हवालदारसाहेब," तुळशा समजूत घालत म्हणाला. "बाकीचे तीनशे तेच तेच आहेत."