तीन कारभारी, तीन लोड

"स्वभाव तोलून दाखवा! तराजूत घालून! किती शेर भरतो ते सांगा!" असा हुकूम सोडून आंबेगडचे भैरजीराव महाराज लोडाला टेकले आणि सगळ्या दरबाराची बोबडी वळली.

भानगड अशी होती. संस्थानात कुस्तीच्या तालमी तीन आणि त्यांचे कारभारीही तीन. मल्ल हुडकायचे, त्यांना खुराक घालायचा, कुणाची कुस्ती कुणाशी लावायची ते ठरवायचं, हे कारभाऱ्याचं काम. स्वतः लंगोट लावायचा नाही, पण मिशीला पीळ मात्र मल्लापेक्षा जास्त! महाराजांना तिन्ही तालमींवर मिळून एक थोरला कारभारी नेमायचा होता. पण यंदा तिघांच्याही मल्लांनी बारा-बारा कुस्त्या मारलेल्या! "मग स्वभाव पाहावा, सरकार," असं दिवाणजी बोलून गेले आणि महाराजांनी तो शब्दच धरून ठेवला. हट्टाला पेटले की ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कोण आहे रे ते?"

"म्या, सरकार. बाबालाल पिंजाऱ्याची जैनब. दसरा आला न्हवं, लोड पिंजायला न्यायला आलीया."

"हसतेस? मग तूच तोल! दिवस मावळायच्या आत जमलं नाही, तर तुमची पिंजण आमच्या चुलीत जाईल!"

जैनबचा बाप अंथरुणाला खिळलेला. कापूस पिंजायची ती धनुकली बंद पडली की चूलही बंद! पण ती खमकी होती.

"तोलते की! एक तराजू द्या आणि कुस्त्यांच्या मैदानात कारभारी ज्यांला टेकून बसत्यात ते लोड आणा. ज्याचा त्याचा ठरलेला हाय. गेल्या दसऱ्याला माझ्या बानं परत्येकात पाच शेर कापूस भरलाय, कोठीवाल्यांस्नी इचारा."

कोठीवाल्याने मान डोलावली. लोड आले.

पहिल्या तालमीचे कारभारी हिंदुराव, त्यांचा लोड साडेतीन शेर भरला.

"दीड शेर गेला कुठं?" महाराज ओरडले.

"आपला मल्ल खाली गेला की हे नखांनी लोड उसवत्यात आणि मूठ-मूठ कापूस उपटत्यात, सरकार! भोकं बघा. दीड शेर राग!"

नरसोपंतांचा लोड बरोब्बर पाच शेर. पंतांची छाती फुगली.

"फुगू नगा, पंत! लोडाला सुरकुतीसुदीक न्हाई. बसलाय कुठं तुम्ही? हार घालायच्या टायमाला तेवढं हजर!"

दरबार खो-खो हसला. गणूजींचा लोड मात्र सहा शेर!

"चोर!" हिंदुराव गरजले. "काहीतरी लपवलंय आत!"

जैनबने अभ्रा उलटा करून झटकला. गालिच्यावर आखाड्यातली तांबडी माती भसाभस पडली.

"आमचा मखमली लोड नासवला!" महाराज भडकले.

"नासवला खरा, सरकार. पण माती आली कुठनं? जिंकल्याला समदेच उचलत्यात. हे पडलेल्याला पोटाशी धरून उठवत्यात आन् तसंच येऊन टेकत्यात. शेरभर माया हाय ती!"

गणूजींनी मान खाली घातली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"गणूजी थोरले कारभारी!" महाराजांनी मांडीवर थाप मारली. पण हट्टी माणूस, एवढ्यावर थांबतो कसला! पाठीमागचा लोड त्यांनी ओढून पुढे फेकला. "आता आमचा तोल! हाही तुझ्या बापानंच भरलाय ना?"

दिवाणजींनी डोळे मिटले. पारडं झटक्यात वर गेलं. पाच शेरांतले उरले दोनच शेर! भोकं तर हिंदुरावांच्या दुप्पट!

"बोल!" महाराज गुरकावले. "आमच्या स्वभावाचं काय?"

जैनब मग पदर खोचून म्हणाली, "सरकार, कारभाऱ्याच्या लोडातला कापूस सरला, तर कारभारी बदलता येतो. राजाच्या लोडातला सरला, तर राजा कसा बदलायचा? कापूसच भरावा लागतोय! आन् म्हणून तर संस्थानाला पिंजारी लागतोय, पिंजण लागतीया!"

महाराज असे हसले, असे हसले, की टेकायला लोड नसल्यामुळे मागच्या मागे गालिच्यावर आडवे झाले! आणि तसेच पडल्या पडल्या त्यांनी हुकूम सोडला, "वाड्यातले झाडून सगळे लोड पिढ्यान्‌पिढ्या हिच्याच घरी पिंजायचे! आणि आमचा दर महिन्याला!"