शंभर टक्के झाल्यावर

एकदा एका व्यापारी पेठेत एक वृद्ध कारागीर होता आणि त्याची विद्या मोबाइल दुरुस्तीची होती. यात हसण्यासारखे काही नाही. ज्याच्या हाती लोक आपली गुपिते डोळे झाकून सोपवतात, तो लहान माणूस नव्हे. सारी पेठ त्याला अण्णा म्हणे.

अण्णांपाशी एक शिष्य तीन वर्षे शिकत होता. हात चपळ, बुद्धी तल्लख आणि दोन्हींचा त्याला पुरेपूर अभिमान. अण्णांचा दंडक असा, की जुन्या फोनमधले सर्व नव्यात गेले तरी गिऱ्हाइकाने आपली सर्वांत जिवाची गोष्ट नव्या फोनवर स्वतः उघडून पाहिल्याशिवाय जुना पुसायचा नाही. शिष्याला हा म्हातारपणाचा घोळ वाटे. पडद्यावर शंभर टक्के उमटले, की त्याच्या लेखी काम संपले.

एके दुपारी गुळाचा एक व्यापारी आला. त्याने नवा फोन घेतला होता आणि जुना दुकानातच द्यायचा होता. सगळे तेवढे नीट येऊ द्या, इतकेच सांगून तो समोरच्या पेढीवर गेला. शिष्याने दोन्ही फोन जोडले. फोटो आले, नंबर आले, ॲपही आली. शंभर टक्के झाले. मग चहाचा पेला विसळून शिष्य परतला, टेबलावरचा जुना फोन उचलला आणि उघडून पाहण्याचीही तसदी न घेता, बाहेरची बटणे दाबून तो पार कोरा करून टाकला. अण्णा शेजारीच होते. ते नुसते पाहत राहिले.

व्यापाऱ्याने परत येऊन नव्या फोनवर कॉल रेकॉर्डिंगचे ॲप उघडले. ॲप होते, आत काही नव्हते. दलालांनी शब्द फिरवू नये म्हणून तो प्रत्येक फोन रेकॉर्ड करी आणि त्या भावतावांच्या गर्दीत त्याच्या पत्नीचेही फोन टिपले गेले होते. येताना जायफळ आणा, जेवायला उशीर करू नका, असलेच काहीबाही. मागल्या वर्षी पक्षाघाताने तिची वाचा गेली. आता तिचा आवाज म्हणून जगात तेवढाच उरला होता. हे कसेबसे सांगून तो पायरीवरच बसला.

जुना फोन आपण पुसला, हे शिष्याला सांगावेच लागले.

तेव्हा अण्णांनी खण उघडला, आतून व्यापाऱ्याचा जुना फोन काढला आणि त्याच्या हातात ठेवला. थोड्याच वेळात जायफळ आणायला सांगणारा तो आवाज दुकानात ऐकू आला आणि भर बाजारात व्यापारी ढसाढसा रडला. शिष्याने ती सारी रेकॉर्डिंग एकेक करून नव्या फोनवर नेली, व्यापाऱ्याकडून उघडवून घेतली, मगच त्याला निरोप दिला.

मग त्याने भीत भीत विचारले, "अण्णा, मी पुसला तो फोन कोणाचा?"

"माझा. दोन्ही एकाच बनावटीचे. तू पेला विसळायला गेलास तेव्हा मी बदलला. तू बघणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. तीन वर्षं तोंडानं सांगून पाहिलं. अरे, ॲप म्हणजे नुसता डबा. डबा पोचला म्हणजे आतलं पोचलं असं नाही. शंभर टक्के हा यंत्राचा हिशोब झाला. माणसाचं काय मागे राहिलं, ते माणसालाच विचारावं लागतं."

शिष्याने तो कोरा फोन उचलून विचारले, "तुमच्या फोनमध्ये काय होतं, अण्णा?"

"ते पुसायच्या आधी विचारायचं असतं," अण्णा म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पुढे शिष्याचे स्वतःचे दुकान झाले आणि न विचारता त्याने कोणाचे काही पुसले नाही. अण्णांचे काय गेले, ते मात्र त्याला शेवटपर्यंत कळले नाही. पुन्हा विचारण्याचा धीर त्याला कधी झाला नाही.