चांगुणाची पालथी वाटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. शिंपलवाडीच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. पलीकडच्या दवाखान्यात जायचं तर होडी आणि भरती, दोन्ही जुळून यावं लागे. त्या वाडीत चांगुणा नावाची हाडवैदीण राहत होती. निखळलेला खांदा ती बोलता बोलता बसवी. माणूस ओरडायला तोंड उघडी, तोवर काम झालेलं असे, असं म्हणतात.

सुजलेला सांधा दिसला की वाडीची रीत एकच होती. खोबरेल कोमट करायचं, चोळायचं आणि सांधा ओढून सरळ करायचा. चांगुणाही तेच करी. तिच्या लेकीचा, मथीचा गुडघा सुजला तेव्हाही तिने तेच केलं. पोर तापाने फणफणली होती, पण ताप वेगळा नि गुडघा वेगळा, असंच सगळे धरून चालत. मथी गेली.

त्यानंतर चांगुणाने बराच काळ कुणाला हात लावला नाही. पुढे लावू लागली, तो उलटा. दुखऱ्या सांध्यावर ती हाताची पाठ ठेवी, मग त्याच माणसाच्या बऱ्या सांध्यावर. म्हाताऱ्यांचे सांधे वर्षानुवर्षं कुरकुरतात, त्यांना ती तेल लावी. पण एकच सांधा अचानक निखाऱ्यासारखा तापला, अंगात हुडहुडी भरली, जरा हलवला तरी जीव कळवळला, की आत पू धरलाय हे ती ओळखी. मग विचारी, "कुठून शिरलं?" आणि अंगावर जखम शोधी. भिंतीआडूनही तिला तापलेला सांधा कळे, असं म्हणतात.

एकदा होडी चालवणाऱ्या देवजी तांडेलाची लेक यमी कालवं काढताना खडकावरून घसरली. काही दिवसांनी तिचा गुडघा टम्म फुगला. चांगुणा आली तेव्हा देवजीची आई तेलाची वाटी घेऊन बसलीच होती.

"मुरगळलाय गो. चोळ चांगला."

चांगुणाने हात उलटा केला. एका गुडघ्यावर ठेवला, मग दुसऱ्यावर. यमीचे दात वाजत होते. चांगुणाने तिचा पाय उचलून तळवा पाहिला. बोटांच्या बेचक्यात कालवाच्या शिंपल्याची धार लागलेली होती. वरून जखम मिटली होती, आतून लाल होती.

"इथून शिरलं. चोळायचं नाही."

म्हातारी भडकली. "स्वतःच्या पोरीला चोळलंस, आणि आमच्या पोरीला हात लावायला जड होतंय?"



"म्हणूनच, आये," चांगुणा म्हणाली. तिने म्हातारीच्या हातातली वाटी घेतली आणि उंबऱ्यावर पालथी घातली. तेल अंगणात ओघळत गेलं.

"देवज्या, होडी काढ. आतला पू डॉक्टरनेच काढायला हवा."

"ओहोटी लागलीय, चांगुणाबाय! मधेच चिखलात रुतू."

"तांडेल ना रे तू? का नुसतं पागोटं बांधतोस?"

देवजीने होडी काढली. चांगुणाने यमीचा पाय फळीला अलगद बांधला आणि मांडीवर घेतला. त्या दिवशी खाडीचं पाणी उतरायचं थांबलं आणि होडी पलीकडे टेकल्यावरच खाली गेलं, असं म्हणतात.

डॉक्टरने सांधा उघडला, पू काढला, आतून धुतला. मग विचारलं, "कुणी चोळला होता का?"

"नाही," देवजी म्हणाला. "आमच्या बायने वाटी पालथी केली."

यमी पुढे त्याच खडकांवर कालवं काढत म्हातारी झाली. चांगुणा केव्हा गेली, ते मात्र कुणाला नीट सांगता येत नाही.

आता खाडीवर पूल आहे. तरी शिंपलवाडीत कुणाचा सांधा सुजला की तेल तापवण्याआधी दोन्हीकडे हाताची पाठ ठेवतात आणि तळवे बघतात. तापलेला लागला तर घरातली बाई उंबऱ्यावर तेलाची वाटी पालथी घालते. रस्त्याने जाणारी रिक्षा असो की टेम्पो, ती वाटी पाहून थांबतो. कोण आजारी, कुणाचं घर, हे कुणी विचारत नाही. "चला, बायने बोलावलंय," एवढंच म्हणतात आणि दार उघडून धरतात.