ठकूबाईची भिंत आणि चिंतोबा महाराजांचा खांदा

वाघझरी हे डोंगराच्या पोटातले साठ-सत्तर घरांचे गाव. चिंतोबा महाराज तेथे आले ते एका चैत्रात, आणि मारुतीच्या देवळामागच्या पडवीत राहिले ते कायमचेच. अंगावर घोंगडी, पायांत काही नाही, दुपारी कोणी देईल ती भाकरी. महाराजांच्या कृपेच्या कथा त्या गावी पुष्कळ सांगतात. भक्तजनहो, त्यांतली ठकूबाईच्या भिंतीची कथा आज ऐकावी.

ठकूबाई ही भिवा गवंड्याची बायको. भिवाचा हात असा, की त्याने रचलेला दगड पुन्हा हलवावा लागत नसे. पण शेजारच्या गावी काम करताना तो परांचीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तीन वर्षे बाजेवर पडून होता. त्याचे घर दोन खणांचे, त्याने स्वतःच बांधलेले. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर, दोन्ही खोल्यांवरून गेलेली मोठी तुळई टेकलेली, आणि तुळईवर सगळे छप्पर. त्या भिंतीला वाळवी लागली, वरून गळती लागली, आणि वैशाखात भिंतीने पोट काढले. हात लावला की माती भसाभसा गळे.

गावात तात्याबा मिस्त्री होता. एके काळी भिवाच्या हाताखाली तो मातीचा गारा तुडवी. आता डोक्याला पागोटे आले होते आणि मातीला हात लावणे त्याने सोडून दिले होते. त्याने पंचांना चावडीवर सांगितले, "घर उतरवा. भिवाला धर्मशाळेत नेऊन ठेवू. पावसात तुळई खाली आली, तर ते पाप गावावर येईल."

भिवाच्या कानी हे गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि दोन दिवस जेवला नाही. ते पाहून ठकूबाई तडक चावडीवर गेली.

"घर कुणी उतरवायचं नाही. भिंत मी बांधते."

पंच हसले. तात्याबा म्हणाला, "अन् ओळंबा कोण धरणार वहिनी? भिवा तर बाजेवर."

"मी धरते."

आता कोणी हसले नाही. वाघझरीत बाईने ओळंब्याला, भिंत सरळ आहे का ते पाहायच्या त्या वजनाच्या दोरीला, हात लावायचा नाही, अशी रीत होती. बाईने दोरी धरली की भिंत विटाळते आणि वर्षात पडते, असे सगळे मानीत.

"चार पिढ्यांत असं झालं नाही," तात्याबा म्हणाला.

"चार पिढ्या या गावच्या भिंतींची माती कुणाच्या डोक्यावरून गेली, भावजी? पाणी कुणी वाहिलं? तवा नाही विटाळली भिंत? दोरीलाच एवढं सोवळं कुठनं आलं?"

पंचांनी मृग निघेपर्यंतची मुदत दिली. तोवर भिंत उभी झाली नाही, तर घर खाली करायचे.

घरी जाता जाता ठकूबाई पडवीपाशी थांबली. पाया पडली, पण मागितले काहीच नाही. म्हणाली, "महाराज, एवढंच सांगा. बाईनं ओळंबा धरला तर देव कोपतो का?"

महाराज मोठ्याने हसले. म्हणाले, "बाई, ओळंबा जमिनीकडे बघतो. धरणाऱ्याकडे तो कधी वर मान करून बघत नाही. जा, गारा घाल."

ठकूबाईने अंगणात खड्डा केला. पांढरी माती, भुसा, शेण आणि पाणी घालून ती आठ दिवस रोज सकाळी गारा तुडवीत राहिली. मुरलेल्या गाऱ्याचा आंबूस वास आळीभर सुटला. येणारेजाणारे नाक धरून विचारीत, "मिस्त्रीणबाई, कळस कधी चढवताय?" ती म्हणे, "चढवला की तुम्हाला जेवायला बोलावते. पण पाट मिळायचा नाही, गाऱ्यातच बसावं लागंल."

तुळईला द्यायला टेकू हवे होते. तात्याबाने घरोघर बजावले होते, तेव्हा कोणी लाकूड देईना. घरात होता तो एकच टेकू.

नवव्या दिवशी तिने पहाटे उठून जमीन सारवली. घरात काम काढायचे तर आधी सारवायचे, हा तिचा जन्माचा शिरस्ता. भिवा बाजेवरून बघत होता. दोघांनीही ते सारवण शुभ म्हणून पाहिले, ओले म्हणून कोणी पाहिले नाही. थापीला कुंकू लावून तिने तुळईखाली टेकू दिला, आणि पोट काढलेली भिंत गुडघ्याइतकी ठेवून बाकीची उतरवली. मग दगड, गारा, पुन्हा दगड. भिवा पडल्या पडल्या सांगे, "डावीकडं सूतभर घे. हां, आता दाब." ओळंबा तिच्या हातात होता, आणि तीन वर्षांनी भिवाच्या आवाजात धार आली होती.

दुपार झाली. एकाएकी ओल्या सारवणावरून टेकूचा पाय सरकला. टेकू आडवा पडला आणि मधोमध चिरला. तुळई करकरत खाली येऊ लागली. तिच्या बरोबर खाली भिवाची बाज!

ठकूबाईने ओळंबा टाकला आणि दोन्ही हात तुळईला लावले. माणसाच्या मांडीएवढे ते लाकूड, वर सगळ्या छपराचा भार. तिचे गुडघे वाकले.

"ठके, बाहेर पळ!" भिवा ओरडला. "माझं काय राहिलंय आता? तू जा!"

"गप पडा! जायची नाही मी!"

मनगटातून कळ निघाली. डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा ती ओरडली, ती काकुळतीने नव्हे, भांडल्यासारखी ओरडली, "चिंतोबा महाराज! मी रडायची नाही आणि सोडायची नाही! हात आहेत तोवर धरते. पुढचं तुमचं तुम्ही बघा!"

आणि काय सांगावे! भार गेला. तुळई तिच्या तळव्यांना पानासारखी हलकी लागली. तिने भीत भीत एक हात काढला, मग दुसरा. तुळई होती तेथेच राहिली. खाली टेकू नाही, भिंत नाही, नुसती हवा. भिवाने बाजेवरूनच हात जोडले.

इतक्यात दारात सावली पडली. तात्याबा मिस्त्री! डोक्याला पागोटे नाही, पायांत वहाणा नाहीत, खांद्यावर एक जाडजूड टेकू, आणि छाती भात्यासारखी हलतेय. त्याने अधांतरी तुळई पाहिली आणि त्याचे तोंड उघडेच राहिले. मग त्याने जमीन खरवडली, सपाट दगड ठेवला, टेकू उभा केला, पाचर ठोकली. तुळई कर्र करून टेकूवर बसली.

तात्याबाही मटकन खाली बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी पडवीत बसलो होतो. महाराज भाकरी खात होते. मी चेष्टेनं म्हटलं, तुमची चेली भिंत बांधतीय, जरा टेकू धरायला जा की. महाराज हातातली भाकरी ठेवून उठले. खांदा वर करून वाकले. मानेच्या शिरा फुगल्या, घोंगडी घामानं भिजली. मी हसलो. सोंग म्हटलं. तर त्यांच्या पायाखालची फरशी तडकली! अन् दातओठ खात मला म्हणाले, 'मिस्त्री, टेकू घेऊन पळ. मी एकटा किती वेळ धरू?'"

त्याचे बोलणे पुरे होते न होते तोच महाराज दारात आले. उजवा खांदा सोलला होता, आणि त्यावर तुळईच्या काजळीचा रुंद पट्टा उमटला होता. तात्याबाने धावत जाऊन त्यांच्या पायांवर लोळण घेतली.

महाराज म्हणाले, "अरे, माझ्या पाया कशाला पडतोस? मी टेकू. काम झालं की टेकू काढून टाकतात. भिंत तिची आहे. डोकं तिच्यापुढं ठेव."

तात्याबा वळून तिच्यापुढे वाकला. ठकूबाई ओळंब्याची दोरी सोडवीत होती. पाय मागे घेत ती म्हणाली, "आत्ता नको भावजी. भिंत उभी राहू द्या, मग काय ते करा. गारा सुकतोय."

तात्याबाने धोतर खोचले आणि तो गाऱ्यात उतरला. वीस वर्षांनी त्याने माती तुडवली. ठकूबाई सांगे, "घट्ट झालाय, पाणी घाला," आणि मिस्त्री पाणी घाली.

तिसऱ्या दिवशी भिंत तुळईला भिडली. माती चांगली आवळून घट्ट होईपर्यंत टेकू तसाच ठेवला, आणि मृगाच्या आदल्या दिवशी पंचांसमोर तो काढला. भिंतीने भार घेतला. मातीचा एक कणही गळला नाही. पंचांपैकी एकाने ओळंबा मागितला. ठकूबाई म्हणाली, "मीच धरते, तुम्ही बघा." दोरी वरपासून खालपर्यंत भिंतीला सारखी लागून होती.

तेव्हा तात्याबा मिस्त्रीने पागोटे काढून जमिनीवर ठेवले, आणि सगळ्या गावादेखत ठकूबाईच्या पायांवर डोके टेकले. या खेपेला तिने पाय मागे घेतले नाहीत.