सेवाभावी ससे

माणसांनी टाकून दिलेलं गोल्फचं एक मैदान फार वर्षांपूर्वी मोराच्या ताब्यात आलं. ढवळी नावाची म्हातारी मेंढी तिथलं गवत चरून आखूड ठेवायची. तेच तिचं काम आणि तेच तिचं पोट.

खेळायला येणाऱ्या सशांकडून मोर गाजरं घ्यायचा. एके दिवशी ससे म्हणाले, "मोरसाहेब, गाजरांऐवजी आम्ही गवत कुरतडून देतो. खेळू द्या म्हणजे झालं."

"अरे, तुम्हाला खायला डोंगरावर अख्खं रान पडलंय," ढवळी कळवळली. "मला आता डोंगर चढवत नाही. मी कुठं जाऊ?"

"ढवळीमावशी, आम्ही सेवा करतोय! सेवेला कुणी नावं ठेवतं का?" म्होरक्या ससा हसला.

मोराने तिला त्याच दिवशी हाकललं.

उन्हाळ्यात ढवळी दोन बोटं गवत राखायची. चेंडू सरसर पळावा म्हणून सशांनी भर वैशाखात ते मुळापर्यंत कुरतडलं. आठवड्यात मैदान करपलं. मोराने ढवळीला बोलावणं धाडलं, तेव्हा ती डोंगराच्या पायथ्याशी उपाशी मरून पडली होती.

ससे एव्हाना टेकडीपलीकडच्या मैदानावर पोचले होते. "साहेब, गवत फुकटात कापून देऊ का?" त्यांनी तिथल्या मालकाला मोठ्या उत्साहाने विचारलं. तिथं चरणाऱ्या मेंढीने मान वर केली.