तिसऱ्या खांबाखालचं पाणी

“पण तो गेला कुठं?”

उत्तमगिरबुवांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

मठाच्या ओसरीवर बसलेल्या भागवत उगलेनं हेल्मेट या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. नदीवर चौदा खांबांचा पूल होत होता आणि त्यातल्या सात खांबांचा पाया या इंजिनियरच्या हाताखाली होता. गावचाच पोरगा, पण आता सगळं गाव त्याला साहेब म्हणत असे. बुवा तेवढे अजून ‘अरे भागवता’वरून हलले नव्हते.

“मुरला, बुवा.”

“कशात?”

“खडकात. असते एखादी भेग.”

“किती मुरला?”

“थोडा.”

“थोडा म्हणजे माझ्या लोट्याएवढा, का तुझ्या टँकरएवढा?”

तीन टँकर गेले होते.

खांबासाठी जमिनीत खोल भोक पाडतात, तेव्हा त्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून ते बारीक मातीच्या दाट घोळानं भरून ठेवतात. काल भरदुपारी तिसऱ्या खांबाच्या भोकातला घोळ बघता बघता खाली गेला. वरून ओतावा तेवढा कमीच. मग भेग बुजावी म्हणून औषधाची सहा पिंपं रिकामी केली. पिंपांवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘पोटात जाऊ देऊ नये.’ तीही गेली. ‘याची कुठे वाच्यता नको,’ असं मोठे साहेब म्हणाले आणि भागवतनं तोंडात मिठाची गुळणी धरली.

पण कामावरचे मजूर गावातलेच. त्यांच्या तोंडाला कोण कुलूप घालणार?

सकाळीच वाड्यांवरून विचारणा सुरू झाली. त्या खांबापासून मठाची विहीर सहाशे पावलांवर, आणि तीन वाड्या तिच्यावर पाणी भरत. बुवा ठीक म्हणाले की आम्हीही ठीक म्हणू, एवढंच लोकांचं म्हणणं होतं. म्हणून भागवत कागद घेऊन आला होता. ‘मठाच्या विहिरीस कोणताही धोका नाही.’ खाली भागवतची झोकदार सही, तिच्याखाली गोल शिक्का, आणि शिक्क्याखाली बुवांसाठी मोकळी जागा.

“एक सही करा, बुवा. काम अडलंय.”

“अडू दे.”

“तुम्हाला पूल नकोय का?”

“पूल नको म्हणेन मी?” बुवांचा आवाज चढला. “तुझ्या आईला दवाखान्यात न्यायची होती तेव्हा पुरात होडी कोणी घातली होती रे? तू तर काठावर नुसता रडत उभा होतास.”

भागवतनं मान खाली घातली…

थोड्या वेळानं त्याला आपण इंजिनियर असल्याचं आठवलं.

“बुवा, तुम्हाला समजेल असं सांगतो. विहीर वरच्या अंगाला आहे, खांब खालच्या अंगाला. पाणी उताराकडं जातं. खांबाखालचं पाणी वर चढून विहिरीत कसं येईल?”

“उताराकडं जातं, खरं आहे.” बुवांनी मान डोलावली. “आणि तहानेकडं?”

“म्हणजे?”

“तीन वाड्या दिवसभर हिला उपसतात. रिकामी झालेली विहीर पाणी ओढते कुठून?”

भागवतला कॉलेजचं दुसरं वर्ष आठवलं. पुस्तकात आकृतीसकट होतं हे. त्यावर त्याला पैकीच्या पैकी गुण पडले होते. बुवा तर शाळेची पायरीसुद्धा चढले नव्हते, याचा त्याला भयंकर राग आला.

“सही नाही केलीत तर मोठे साहेब पोलीस घेऊन येतील.”

“येऊ देत. त्यांनाही तीर्थ देईन.”

“मठावर केस करतील.”

“मठावर? दोन घोंगड्या आहेत आणि एक चिमटा. चिमटा तापलेला असतो म्हणावं.”

“बुवा, थट्टा पुरे. पाणी तरी बघा आधी!”

भागवत ताडकन उठला आणि विहिरीकडे निघाला. बुवा गुडघ्यावर हात टेकत त्याच्या मागून गेले.

काठावर चार बायका पाणी शेंदत होत्या. ऊन सरळ पाण्यात उतरलं होतं. तळाशी कधीतरी निसटून पडलेली कळशी अगदी तिच्या पोच्यासकट दिसत होती.

“बघा,” भागवत म्हणाला. “तळ दिसतोय. गढूळपणा आहे कुठं? वास आहे?”

बुवा बराच वेळ वाकून बघत राहिले…

“नितळ आहे,” ते म्हणाले.

बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. भागवतनं घाईघाईनं पेन काढलं.

“थांब. मठात आलेला माणूस तीर्थाशिवाय जात नाही. तुझी सायबी झाली म्हणून रीत मोडायची का?”

बुवांनी स्वतः पोहरा सोडला, वर ओढला आणि ताजं पाणी लोट्यात घेतलं.

भागवतचा उजवा तळवा आपोआप पुढे झाला. लहानपणापासूनची सवय ती. याच पाण्यात बुवांनी त्याला ढकलून पोहायला शिकवलं होतं. बुवांनी लोटा कलता केला. तळव्यावर घोटभर पाणी पडलं, थंडगार.

भागवतनं ते डोळ्यांना लावलं.

मग हात केसांवरून फिरवला.

बुवा त्याच्या ओठांकडे बघत होते. ओठ कोरडेच होते…

लोट्यात पाणी उरलं होतं. ते त्यांनी मठाच्या दिशेनं धरलं, डोळे मिटले आणि लोटा तोंडाशी नेला.

“पिऊ नका!”

काय होतंय ते भागवतलाच कळलं नाही. त्याचा हात सपकन पुढे गेला, लोटा उडाला आणि खडकावर आपटत काठापर्यंत घरंगळला. बुवांच्या छातीवर, दाढीवर पाणी ओघळत होतं.

बायकांचे हात दोरावरच थांबले. एकीनं नुकताच भरलेला हंडा काखेतून उतरवला आणि आपल्यापासून लांब ठेवला. ती नुसती भागवतकडे बघत राहिली. ती त्याची सख्खी मावशी होती.

“किती जणांनी भरलं सकाळपासून?” भागवतनं विचारलं.

“सगळ्यांनीच,” मावशी म्हणाली.

“ओता ते. घरोघर जाऊन सांगा, आधी ओता. मी टँकर पाठवतो… चांगल्या पाण्याचे.”

बायका तशाच धावत सुटल्या. काठावर दोघेच उरले.

“माझी नोकरी जाईल, बुवा.”

“जाईल.”

“साहेब मला पुन्हा कुठं उभं करणार नाहीत.”

“इथं उभा आहेस की.”

भागवत रडत होता, आणि रडताना त्याला लाजही वाटत नव्हती. बुवांनी तो कागद त्याच्या हातातून घेतला. फाडला नाही. कोरी बाजू वर करून विहिरीच्या काठावर पसरला, वारा उडवू नये म्हणून वर आपला पंजा दाबून धरला आणि पेनाकडे बोट दाखवलं.

भागवत गुडघ्यांवर बसला. त्यानं पेनाचं टोपण काढलं. बोटं ओलीच होती.

“काय लिहू, बुवा?”

“आत्ता ओरडलास ते.”